शेतावरच्या शिकारीसाठी फोर बाय फोर घेताय? या चुका टाळा

गाडी रुतते ती बहुतेक वेळा फाटकातच. ट्रॅक्टर, ट्रॉली, गुरं सगळी त्याच चिंचोळ्या जागेतून येतात-जातात, माती तुडवली जाते आणि दोन पाऊस पडले की तिथे नुसती राड होते. पुढे अख्खं रान कोरडं असलं तरी गाडी आत जाणार ती त्या राडीतूनच. पिकांची नासधूस करणारे ससे, कबुतरं किंवा रानडुकरं यांच्या बंदोबस्तासाठी परवाना आणि जमीनमालकाची संमती घेऊन जाणाऱ्याने गाडी निवडताना हे फाटक डोळ्यांसमोर ठेवावं. प्रत्यक्षात लोकांच्या डोळ्यांसमोर असते जाहिरात: कातळावर चढणारी, नदीतून पाणी उडवत जाणारी गाडी. कातळ आणि नदी शेतात सहसा नसतात. तिथे असतात ओलं गवत, चिकणमाती, ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या आणि जमिनीचा मालक. पुढच्या वेळी आत सोडायचं की नाही, हे तो आपल्या चाकांच्या खुणा बघून ठरवतो.

‘फोर बाय फोर’ची पाटी बघून गाडी घेणं

मागे ती पाटी असली म्हणजे सगळ्या गाड्यांच्या पोटात एकच यंत्रणा असते असं नाही. बऱ्याच पिकअपमध्ये पार्ट-टाइम पद्धत असते. एरवी मागची चाकं ओढतात, गरज पडली की लिव्हरने किंवा बटणाने पुढची चाकं जोडायची. जोडल्यावर पुढचा आणि मागचा आस एकमेकांना पक्के बांधले जातात, कारण मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतं. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत हा फरक चाक थोडं घसरून भरून काढतं, डांबरावर ते घसरू शकत नाही. मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, लिव्हर परत निघता निघत नाही. शेतातून रस्त्याला लागल्यावर ‘राहू दे चालू, पकड चांगली मिळते’ म्हणत तसंच दामटणारे पुष्कळ आहेत. त्यांचा मेकॅनिक सुखी असतो.

फुल-टाइम पद्धतीत मधलं डिफरन्शियल असतं. १९७० ची पहिली रेंज रोव्हर किंवा १९७७ ची लाडा निवा या अशा गाड्या. डांबरावर निवांत चालतात, चिखलात मधलं डिफरन्शियल लॉक करायचं. तिसरा प्रकार आजच्या बहुसंख्य एसयूव्हींचा: पुढची चाकं ओढतात आणि ती घसरायला लागली की एका क्लचमधून मागच्या चाकांकडे ताकद जाते. ओल्या गवताला आणि खडीच्या वाटेला हे चांगलं चालतं. पण राडीत पाच-दहा मिनिटं चाकं गरगर फिरवत ठेवली तर क्लच तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा मागची चाकं सोडून देते.

माझं मत बऱ्याच मित्रांना पटत नाही, तरी सांगतो. पक्क्या वाटेने बांधापर्यंत जायचं, गाडी लावायची आणि पुढे पायी, अशी तुमची पद्धत असेल तर हा तिसरा प्रकार चांगल्या टायरांसह पुरेसा आहे. लो रेंज हवी ती ट्रॉली ओढणाऱ्याला आणि निसरड्या उतारावर रोज गाडी घालणाऱ्याला. लो रेंजने इंजिनाची ताकद वाढत नाही. चाक हळू फिरतं आणि म्हणून जोर जास्त लागतो. सुझुकीच्या जिम्नीमध्ये ते जवळपास निम्म्या वेगाने फिरतं, जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये चौपट हळू. उतारावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता उतरता येतं, हा तिचा खरा फायदा. चारही चाकं ओढणारी असली तरी ब्रेक लावताना त्याचा काही उपयोग नसतो, हे ओल्या गवताच्या उतारावर एकदा घसरल्याशिवाय कुणाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: आसावर डिफ लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र बांधणारं कुलूप, आहे का, किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारं ट्रॅक्शन कंट्रोल तरी आहे का? साध्या डिफरन्शियलमध्ये अधांतरी चाकाला जेवढा जोर लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी खड्ड्यावर आलं की फोर बाय फोर गाडीही जागची हलत नाही.

जड म्हणजे दणकट असं मानणं

१९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली गेली ती शेतीकामाची गाडी म्हणून. वजन सुमारे १२०० किलो. आजचा डबल कॅब पिकअप दोन टनांच्या आसपास जातो, मोठ्या एसयूव्ही त्याही पुढे. रस्त्यावर हे वजन आरामदायी वाटतं, वाफसा न आलेल्या जमिनीत तेच गाडीला खाली ओढतं. शिवाय चाकाखाली माती दडपली जाते आणि तो पट्टा पिकात उठून दिसतो. शेतकऱ्याला तो रोज दिसतो.

ढोबळ हिशेब असा की टायर मातीवर जेवढा दाब देतो तो त्यातल्या हवेच्या दाबाच्या जवळपास असतो. गाडीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, शेतात फिरणाऱ्या चार चाकी एटीव्हीच्या फुगीर टायरमध्ये पाच-सहा. म्हणूनच एटीव्ही जिथून अलगद जाते तिथे पिकअप बूड टेकून बसतो. पेरलेल्या रानातून किंवा पाणथळ कुरणातून वारंवार जायचं असेल तर मोठी गाडी घेण्यापेक्षा साधी गाडी बांधाशी लावून पुढे एटीव्ही वापरणं शहाणपणाचं.

हलक्या गाडीचीही एक अडचण आहे, आणि ती लोक घरी गेल्यावर मोजतात. चार माणसं प्रत्येकी ८० किलोची धरली तर ३२०. दोन कुत्री ६०. बंदुका, काडतुसं, बूट, पाणी, दोर, फावडं धरून आणखी ८०. झाले ४६० किलो, आणि शिकार अजून गाडीत चढायची आहे. छोट्या फोर बाय फोरची वाहनक्षमता इथेच संपते. कागदपत्रांतला एकूण अनुमत वजनाचा आकडा आणि रिकाम्या गाडीचं वजन यांची वजाबाकी खरेदीआधी करा. पिकअपचं उलटं असतं. हौदा रिकामा असेल तर मागची चाकं हलकी राहतात आणि ओल्या गवतावर जागच्या जागी फिरतात. मागच्या आसाच्या वर वाळूची पोती टाकली की फरक पडतो, मात्र ती बांधून ठेवा.

टायर सोडून बाकी सगळ्यावर खर्च करणं

छतावर दिव्यांची माळ, पुढे जाडजूड बंपर, नळकांडं वर काढलेला स्नॉर्कल, आणि खाली शोरूममधून आलेले रस्त्याचे गुळगुळीत टायर. ही गाडी प्रत्येक कळपात एक असते आणि ट्रॅक्टरच्या दोरालाही तीच लागते.

रस्त्याच्या एचटी टायरची नक्षी बारीक असते. चिकणमाती तिच्यात भरते आणि दोन फेऱ्यांत टायर लोण्याच्या गोळ्यासारखा होतो. म्हणून लोक थेट दुसऱ्या टोकाला, एमटी म्हणजे चिखलाच्या टायरकडे जातात. खोल राडीत ते उत्तम, कारण मोठ्या खाचांतून माती बाहेर फेकली जाते. पण शेतावर नेहमी भेटते ती खोल राड नाही, वर गवत आणि खाली ओली चिकणमाती. तिथे एमटी गवताची साय फाडतो, खालच्या निसरड्या थराला लागतो आणि आपलीच विहीर खणत बसतो. रस्त्यावर त्याचा आवाज होतो आणि ओल्या डांबरावर पकड कमी मिळते. मालकाला फाटलेलं गवत दिसतं ते वेगळंच. बहुतेकांसाठी दणकट बाजूंचा एटी, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींसाठीचा टायर हाच योग्य मधला मार्ग आहे.

बाजू दणकट का, तर धसकटं. कापणीनंतर उभी राहिलेली तिरकी खुंटं टायरच्या बाजूत घुसतात, आणि बाजूला पडलेली चीर फेसाच्या डबीने बुजत नाही. नव्या गाड्यांमध्ये स्टेपनीऐवजी ती डबी आणि छोटा पंप देतात. शेतावर जाणार असाल तर पूर्ण मापाची स्टेपनी आधी मागा, बाकीचं नंतर.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले ठेवा. फुल-टाइम किंवा क्लचवाल्या गाडीत दोन नवे, दोन जुने असं केलं की मधल्या यंत्रणेला सतत वाटतं, कुठलं तरी चाक घसरतंय, आणि ती विनाकारण झिजत राहते.

हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ३२ वरून २० पीएसआयवर आणलं की टायर लांब पसरतो, जमीन जास्त धरतो. पण गाडीत कंप्रेसर हवा, कारण तेवढ्या हवेवर रस्त्याला वेगात गेलं तर टायर तापून फुटू शकतो.

ग्राउंड क्लिअरन्सचा एकच आकडा बघणं

ही चूक मी केली आहे. लांबलचक पिकअप होता, पोटाखाली भरपूर जागा असल्याचा आकडा पाठ होता. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत चाकं घातली. चाकोऱ्या खोल, मधला उंचवटा कडक. वीसेक फूट गेलो आणि गाडीचं पोट उंचवट्यावर बसलं, चारही चाकं अधांतरी फिरायला लागली. फोर बाय फोर, लो रेंज, सगळं लावून झालं. जॅक लावला तर जॅकच मातीत गेला, कारण खाली ठेवायला फळी आणली नव्हती. शेवटी मालकाने ट्रॅक्टर आणला, एक शब्दही न बोलता ओढून काढलं. त्याचं न बोलणं मला जास्त लागलं. पुढचा रविवार मी त्याच्या कुंपणाचे खांब पुरण्यात घालवला.

तेव्हापासून मी तीन कोन विचारतो: पुढचा, मागचा आणि मधला, म्हणजे गाडीचं नाक, शेपूट आणि पोट न टेकता किती चढ-उतार पार होतो ते. दोन आसांमध्ये जितकं अंतर जास्त तितका मधला कोन कमी, आणि बांध ओलांडताना पोट टेकतं ते तिथेच. २०१८ च्या जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर, काही डोळे दिपवणारा नाही. पण पुढचा कोन ३७, मधला २८ आणि मागचा ४९ अंश, म्हणून ती बांधावरून बकरीसारखी उतरते. मागे ट्रॉली ओढायचा टो-बार बसवला की मागचा कोन घटतो, हे बसवणारा कधी सांगत नाही.

चाकोरीत जाताना एका बाजूची चाकं उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेला ठेवता येतात का बघा. नाहीतर गाडी लावा आणि चाला.

डिझेल गाडी आणि आठवड्याची एकच फेरी

नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारं डीपीएफ असतं. साठलेली काजळी जाळायला ते साधारण ६०० अंशांपर्यंत तापावं लागतं, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळायला हवी. घरापासून दहा किलोमीटरवरच्या शेतावर जायचं, दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं आणि परत यायचं, असा वापर असेल तर ते चोंदतं. अशांनी पेट्रोल बघावं. आणि डीपीएफ तापलेलं असताना वाळलेल्या धसकटांवर गाडी उभी करू नका. खालून आग लागते, आणि ती लागलेली आपल्याला उशिरा कळते.

मागची जागा घरच्या हिशेबाने बघणं

खरेदीच्या वेळी मागे किती सूटकेस मावतात ते बघतात. शेतावर मागे जाते ती चिखल, रक्त आणि ओली कुत्री. कापडी गालिचा असेल तर तो वास पुढची दोन वर्षं जात नाही. मोठ्या कडांचा रबरी ट्रे पहिल्या दिवशीच टाकावा. मागचा उंबरा उंच असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला तुम्हालाच उचलून घ्यावं लागतं.

बंदूक गाडीत नेहमी रिकामी, म्यानात, बाहेरून न दिसणाऱ्या जागी आणि काडतुसांपासून वेगळी. मोठ्या काचांच्या एसयूव्हीत हे अवघड जातं. पिकअपच्या हौद्यावरच्या झाकणाची, म्हणजे कॅनोपीची कुलपं बहुतेक वेळा नावालाच असतात, त्यावर विसंबून राहू नका. कुत्रं आणि बंदूक एकाच मोकळ्या जागेत कधीच ठेवू नका. बंदुकीच्या घोड्यावर पंजा पडायला क्षण पुरतो, म्हणून कुत्र्याला पिंजरा हवाच, आणि उन्हाळ्यात त्याला वारा लागेल असा.

रात्री जाणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. दार उघडलं की आतला दिवा लागतो, किल्ली काढली की गाडी टुणटुण वाजते, दिवसाचे दिवे आपोआप पेटतात. यातलं काय काय बंद करता येतं ते शोरूममध्ये बसूनच करून बघा. विक्रेता चक्रावतो, पण अंधारात पेटलेला दिवा शंभर मीटरवरच्या जनावरालाही दिसतो.

ओढण्याची सोय नंतर बघू म्हणणं

टो-बारच्या गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी हिसक्याने ओढू नका. तो गोळा तुटून उडाल्याने माणसं मेली आहेत. पुढे आणि मागे ओढण्यासाठीच बनवलेले, चेसिसला पक्के बसवलेले हुक आहेत का ते बघा. नसतील तर ते आधी बसवून घ्या. साधा टो-दोर आणि ताणणारा हिसक्याचा पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच्या जागी दुसरा वापरू नये.

सेकंडहँड गाडी धुतलेली बघणं

चकाचक धुतलेली गाडी असेल तर खाली झोपा. चेसिसच्या पोकळीत शेण-मातीचा गोळा अडकून राहिलेला असतो, आणि गंज तिथूनच धरतो. स्क्रूड्रायव्हरने टोचा, ठोकून आवाज ऐका. ‘टण्ण’च्या ऐवजी ‘थप’ आला तर उठून घरी जा. डिफरन्शियलचं तेल दुधट दिसत असेल तर आत पाणी गेलंय. पुढच्या चाकांमागच्या सांध्यांवरचे रबरी बूट, म्हणजे आवरणं, फाटलेत का बघा. मग मालकाला मोकळ्या मातीवर गाडी न्यायला सांगा, फोर-व्हील आणि लो रेंज दोन्ही स्वतः लावा आणि काढा. वर्षानुवर्षं न वापरलेली लिव्हर जाम झालेली असते, आणि ‘मला कधी गरजच पडली नाही’ असं विकणारा त्या वेळी मोठ्या अभिमानाने सांगतो.