मांजर, लोणी-पाव आणि अविरत गती: वाद घालताना या चुका टाळा

मांजर नेहमी पायांवर पडते आणि लोणी लावलेला पाव लोण्याच्या बाजूवर पडतो. मग मांजराच्या पाठीवर, लोण्याची बाजू वर ठेवून, पाव बांधला तर ती जोडी जमिनीलगत अधांतरी कायमची फिरत राहील आणि तिच्यावर जनित्र चालवता येईल, हा युक्तिवाद भौतिकशास्त्राचे विद्यार्थी गमतीने, पण हिरिरीने मांडतात. गंमत मला मनापासून आवडते. मात्र तिचे खंडन करताना ज्या चुका होतात, त्या मूळ युक्तिवादापेक्षाही अधिक दिशाभूल करतात.

पहिली चूक म्हणजे सारे खापर लोण्यावर फोडणे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1995 मध्ये दाखवून दिले की टेबलाच्या कडेवरून घसरताना पावाला गिरकी मिळते, आणि सुमारे 75 सेंटीमीटर उंचीवरून खाली येण्यास लागणाऱ्या जेमतेम 0.4 सेकंदात तो साधारण अर्धाच फेरा पूर्ण करतो, म्हणून वरची बाजू खाली येते. पाठीवर बांधलेल्या पावाला टेबलाची कडच उरत नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती चांगले शिकलेलेही करतात: आधाराशिवाय हवेत वळणारे मांजर कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम (बाहेरून पीळ मिळाल्याशिवाय वस्तूचा फिरण्याचा एकूण जोर बदलत नाही) मोडते, असे ते मानतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी 1894 मध्ये पडत्या मांजराची लागोपाठ छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हाही हाच प्रश्न विद्वानांना पडला होता. 1969 मध्ये केन आणि शेर या संशोधकांनी गणिताने दाखवले की कमरेत वाकून शरीराचे पुढचे आणि मागचे भाग योग्य रीतीने फिरवले, तर एकूण कोनीय संवेग शून्य राहूनही मांजर पालथे होऊ शकते. या वळण्यासाठी लागणारी ऊर्जा स्नायूंतून, म्हणजे अखेर मांजराच्या अन्नातून येते. हे लक्षात घेतले की फुकटच्या ऊर्जेचा दावा तिथेच संपतो.

गुरुत्वाकर्षण ऊर्जा पुरवत राहील, हीही चूकच आहे. 4 किलोचे मांजर दीड मीटर खाली येते तेव्हा सुमारे 59 ज्यूल ऊर्जा मिळते, पण ते एकाच उंचीवर तरंगत असेल तर गुरुत्वबल काहीच कार्य करत नाही, आणि हवेचा विरोध मात्र गती खातच राहतो.

अविरत गतीची कल्पना जुनीच आहे: भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पोकळ आऱ्यांत अर्धवट पारा भरलेले, आपोआप फिरणारे चाक वर्णिले आहे. त्याकडे पाहताना एका बाजूचा पारा आसापासून दूर जातो एवढेच बघू नका. दुसऱ्या बाजूला तो आसाजवळ असला तरी तिथे एका वेळी अधिक आऱ्यांतला पारा असतो, आणि पूर्ण फेऱ्याचा हिशेब शून्यच येतो.

आणि हे सारे पडताळण्यासाठी खरे मांजर कधीही खाली टाकू नका; मारे यांची छायाचित्रे त्यासाठी पुरेशी आहेत.