ॲपिस्टो आणि रॅमच्या पैदाशीसाठी टाकीचा तळ कशाचा करावा

ॲपिस्टो (ॲपिस्टोग्रामा) आणि रॅम हे छोटे सिक्लिड मासे. टाकी, फिल्टर आणि सायकलिंग (मासे सोडण्याआधी टाकीत उपयोगी जिवाणू वाढवणं) तुम्हाला जमतं असं धरून थेट तळावर येतो.

‘ॲक्वासॉइल (झाडांच्या टाकीसाठी मिळणारी गोळ्यांची माती) टाका, पीएच आपोआप उतरेल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. पैदाशीच्या टाकीत अख्खा तळ सॉइलचा करू नका. हे मासे दिवसभर वाळू तोंडात घेतात, खाण्याजोगं ठेवून बाकीची कल्ल्यांतून सोडतात. ॲपिस्टोची मादी अंड्यांसाठी ठेवलेल्या करवंटीचं तोंड वाळू उपसून स्वतःच्या मापाचं करून घेते. सॉइलच्या जाड गोळ्यांत यातलं काही नीट होत नाही. शिवाय बऱ्याच नव्या सॉइल सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतात. आणि जत-आटपाडीकडच्या बोअरसारखं क्षाराचं पाणी असेल, तर सॉइलची पीएच उतरवायची ताकद लवकर संपते.

तेव्हा वाळूच. दाणा साखरेएवढा, कडा गोल. बांधकामाची क्रश सँड घेऊ नका. ती आपल्या काळ्या दगडाचीच, पण फोडलेली, आणि तिच्या धारदार कडा कल्ल्यांना इजा करतात. तासगावकडे द्राक्षबागांना ठिबक आहे, त्यामुळे सँड फिल्टरची गारगोटीची वाळू दुकानात मिळते. तिचाही दाणा फोडलेला असू शकतो, म्हणून चिमूटभर बोटांत चोळा. टोचली तर परत ठेवा.

खरी अडचण चुनखडीची आहे, आणि मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते हिनंच. नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे आणि शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. तो हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा केएच (कार्बोनेटचं प्रमाण), पीएच वर चढत राहतो. मऊ, आम्लधर्मी पाणी लागणाऱ्या ॲपिस्टोंची अंडी मग फुकट जातात. कॅकॅटुऑइडिस ही ॲपिस्टोची जात त्यामानाने सोशिक, तरी मी तिच्यासाठीही चुन्याची वाळू वापरत नाही.

‘व्हिनेगर टाका, फेस आला नाही म्हणजे वाळू चांगली’ यावर विसंबू नका. घरातलं व्हिनेगर सौम्य असतं; चुरा थोडा असेल तर बुडबुडे दिसतही नाहीत. फेस आला तर वाळू बाद, एवढाच त्याचा उपयोग. निर्णय असा करा: धुतलेली वाळू काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर डिस्टिल्ड वॉटर ओता, शेजारी नुसत्या त्याच पाण्याची दुसरी बरणी ठेवा. आठवडाभर रोज हलवा, मग दोन्हींचा केएच मोजा. वाळूच्या बरणीचा केएच चढलेला दिसला, तर वाळू कितीही सुंदर असो, टाकीत घालू नका. नुसत्या टीडीएस मीटरवर (तो विरघळलेले एकूण क्षार दाखवतो) जाऊ नका, मातीच्या क्षारांनीही तो आकडा वाढतो. दुकानदार घाई करेल, आठवडा थांबाच.

पास झालेली वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवा.

थर दोन-तीन सेंटिमीटर पुरे. साठ बाय तीस सेंटिमीटरच्या टाकीला अडीच सेंटिमीटरसाठी सात किलोच्या आसपास लागते. जाड थर खालून काळा पडून कुजका वास मारतो.

झाडांसाठी तळ बिघडवू नका. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरायनला मातीच्या छोट्या कुंडीत सॉइल भरून वर वाळूचा थर द्या, किंवा मुळाशी रूट टॅब (खताची गोळी) खुपसा. देशी बदामाची एक-दोन वाळलेली पानं तळावर टाका. त्यांवर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लं टिपून खातात.

पिल्लं पोहू लागली की वाळूत सायफन खुपसू नका. हवेच्या बारीक नळीने वरवरची घाण ओढा, तीही बादलीत, म्हणजे चुकून आलेलं पिल्लू परत सोडता येतं.