सेमी-ऑटो शॉटगन अडकायची, शेवटी असं जमलं

मी टेक्सासात असतो, रविवारी स्पोर्टिंग क्लेला (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या शॉटगनने टिपायचा खेळ) जातो. ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) परवडेना म्हणून १२ बोअरची गॅसवाली सेमी-ऑटो (बाराचा गॅस पिस्टन ढकलतो आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं ती) घेतली, तीपण वापरलेली, ९०० डॉलरला. धक्का कमी बसतो हे खरंय पण देखभाल मागते राव! दोन नळ्यांच्या बंदुकीला फडकं मारलं की झालं, हिचं तसं नाही.

तर झालं असं की ६०-७० बार झाले की रिकामं टरफल बाहेर पडायच्या दारातच अडकायचं आणि २४ ग्रॅम छऱ्यांची हलकी काडतुसं असली तर हमखास. दुकानदार म्हणाला पिस्टन बदला, दीडशे डॉलर. म्हटलं आधी स्वतः बघू.

बंदूक रिकामी आहे ना, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही परत तपासलं आणि मगच खोलली. पिस्टनवर काजळीचा कडक थर, नळीची गॅसची भोकंपण निम्मी बुजलेली, आणि चूक माझीच, मी मॅगझिन ट्यूबवर (काडतुसांची नळी, पिस्टन हिच्यावरच सरकतो) तेल चोपडायचो, ते गरम गॅसने जळून डिंक होतं. पिस्टन रात्रभर सॉल्व्हंटमध्ये ठेवला, सकाळी पितळी ब्रशने घासला, भोकं पाइप क्लीनरने मोकळी केली. ट्यूब आता जवळजवळ कोरडीच ठेवतो.

२८ ग्रॅम लगेच सुरळीत चालली, २४ मात्र अधूनमधून रुसायचीच. मग दस्त्यातली रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेला बोल्ट परत पुढे ढकलते ती) काढली, आत गंज (बायको म्हणाली हे आधी का नाही बघितलं). नवी २५ डॉलरला मिळाली. परवा १०० क्ले मारले, एकदाही अडकली नाही, नेम चुकले तो भाग वेगळा.