एका हँडपीसचा माग: दंतचिकित्सालयांची तपासणी शिकताना

काही वर्षे दातांच्या दवाखान्यात काम केल्यानंतर मी दंतचिकित्सालयांची गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासण्याच्या कामात आले, तेव्हा दवाखाना आपल्याला आतून ठाऊक आहे आणि म्हणून हे काम जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्याच तपासणीत मी दोन तास फायली चाळण्यात घालवले. क्ष-किरण यंत्राची कागदपत्रे, कर्मचाऱ्यांच्या हिपॅटायटिस बी लसीच्या नोंदी, ऑटोक्लेव्हच्या (साहित्य वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) देखभालीचे अहवाल, सगळे जागच्या जागी होते. निघताना सोबतच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवून "जरा सुरू करून दाखवता का?" एवढेच विचारले. सिलिंडर भरलेला होता, तो तपासल्याची नोंदही होती; मात्र तो उघडण्याची चावी कोणालाच सापडेना. अखेर ती स्वागतकक्षातल्या खणात मिळाली, तोवर पाच मिनिटे उलटली होती. फायलीतला एकही कागद खोटा नव्हता.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते की कागदांआधी एखादी वस्तू निवडावी आणि ती रुग्णाच्या तोंडातून निघाल्यापासून पुढच्या रुग्णाच्या तोंडात जाईपर्यंत तिच्या मागे मागे जावे. मी बहुधा हँडपीस, म्हणजे दात कोरण्याचे हातात धरायचे उपकरण, निवडते, कारण तो आतून पोकळ असतो, लाळ आणि रक्त त्याच्या आत ओढले जाऊ शकते, आणि बाहेरून पुसल्यावर तो अगदी स्वच्छ दिसतो. तो कुठे धुतला जातो, त्याला तेल कधी दिले जाते, धुण्याची जागा आणि निर्जंतुक साहित्य ठेवण्याची जागा यांत खरोखर अंतर आहे का, हे उभे राहून पाहावे. त्यानंतर ऑटोक्लेव्हचा प्रकार पाहावा. पाऊचमध्ये, म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या कागदी पाकिटात, बंद केलेल्या किंवा पोकळ साहित्यातली हवा आधी निर्वात पंपाने काढून घ्यावी लागते. ती सोय नसलेल्या साध्या यंत्रात असे साहित्य घातले, तर तापमानाचा आकडा बरोबर दिसूनही वाफ आतपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. १३४ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटे किंवा १२१ अंशांना किमान १५ मिनिटे हे आकडे पाठ असावेत, पण ते प्रत्यक्ष निर्जंतुकीकरणाच्या टप्प्याचे आहेत; तापणे आणि वाळणे धरून पूर्ण फेरीला बराच अधिक वेळ लागतो, आणि गडबड होते ती इथेच. एका ठिकाणी मी हातात घेतलेला पाऊच दमट लागला. सहायक मुलीने सहजपणे सांगितले, "मॅडम, वाळेपर्यंत थांबलो तर पुढचा पेशंट खोळंबतो, म्हणून आम्ही दार लवकर उघडतो." ओल्या कागदातून जंतू आत शिरू शकतात, हे तिला कोणी समजावून सांगितलेलेच नव्हते. पाऊचवरची रंग बदलणारी खूण उष्णता लागल्याचे सांगते, जंतू मेल्याचे नव्हे. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूच्या बीजाणूंची चाचणी असते, आणि तिचे निकाल अवश्य मागावेत.

त्याच दवाखान्यात मी आदल्या दिवशीची भेटींची वही मागून घेतली. हँडपीस लागेल असे उपचार अकरा रुग्णांवर झाले होते, हँडपीस तीन होते आणि ऑटोक्लेव्हची दिवसभरात एकच फेरी नोंदलेली होती. सकाळचे तीन आणि फेरीनंतरचे तीन धरले तरी सहाच रुग्ण होतात. उरलेल्या पाच जणांच्या तोंडात नुसता पुसलेला हँडपीस गेला, हे कोणी कबूल करण्याची गरज उरली नाही. माझ्या मते ही वजाबाकी कुठल्याही छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक सांगून जाते.

खुर्चीच्या पाण्याकडे नवखे तपासनीस हटकून दुर्लक्ष करतात. तिथल्या नळ्या अरुंद असतात, पाणी रात्रभर तुंबून राहते आणि आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दिवसाच्या सुरुवातीला सुमारे २ मिनिटे आणि दोन रुग्णांच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी सोडावे लागते, आणि तेवढ्याने तो थर जात नसल्याने नळ्यांचे रासायनिक शुद्धीकरणही करावे लागते. सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी पोहोचलात, तर हे घडते की नाही ते विचारावे लागत नाही.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. "सुईला टोपण एका हाताने लावता ना?" असे विचारले की "हो" हेच उत्तर येते, "लावून दाखवा" म्हटले की सुई टोचू शकेल असा दुसरा हात आपसूक पुढे येतो की नाही, ते दिसते. असे प्रश्न डॉक्टरांपेक्षा सहायकांना विचारावेत, मात्र त्यांच्या उत्तराचा ठपका त्यांच्यावर येईल अशा शब्दांत ते अहवालात उतरवू नये. घाई त्यांनी ठरवलेली नसते.

रुग्णनोंदींपैकी चार‑पाच आपण स्वतः निवडाव्यात, समोर ठेवलेल्या घेऊ नयेत. औषधांची ॲलर्जी, उपचाराआधीची संमती आणि क्ष-किरण छायाचित्र का घेतले व त्यात काय दिसले, एवढे तरी शोधावे. छायाचित्र आहे आणि निष्कर्षाची ओळ नाही, असे वारंवार आढळते, म्हणजे रुग्णाने किरणे सोसली आणि त्याचा उपयोग काय झाला याची खूणच नाही.

अहवालात "निर्जंतुकीकरण असमाधानकारक" असा शेरा लिहून काहीच साधत नाही, हे मला उशिरा कळले. त्या दवाखान्याबद्दल मी अकरा रुग्ण, तीन हँडपीस, एक फेरी, एवढेच आकडे लिहिले. फेरतपासणीला गेले, तेव्हा कपाटात नवे आठ हँडपीस होते, पाऊच कोरडे होते आणि डॉक्टरांनी ते स्वतःहून काढून दाखवले. मी आदल्या दिवशीची भेटींची वही तरीही मागितलीच.