वॉर्डातलं पहिलं वर्ष: नवीन सिस्टर आणि ब्रदरनी या चुका टाळा

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की बीएस्सी नर्सिंग, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली की कागदावर तुम्ही स्टाफ होता. वॉर्डात मात्र पुढचे कितीतरी महिने तुमची ओळख ‘नवीन आलेली सिस्टर’ किंवा ‘नवीन ब्रदर’ एवढीच असते. कॉलेजात असताना तुमच्याकडे एक-दोन पेशंट असायचे आणि शेजारी मॅडम उभ्या असायच्या. इथे नाईटला अख्खा वॉर्ड, जोडीला एखादी सीनियर, एक मावशी, आणि तिन्ही बाजूंनी एकाच वेळी हाका: सलाईन संपलं, आजोबांना थंडी वाजतेय, कॅज्युअल्टीतून नवीन ॲडमिशन वर येतंय.

वॉर्ड सांभाळता सांभाळता नवीन मुलामुलींच्या अनेक बॅचेस मी जवळून पाहिल्या आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पहिल्या वर्षातल्या घातक चुकांमध्ये अभ्यास कमी पडल्यामुळे झालेल्या चुका थोड्याच असतात. बाकीच्यांचं मूळ गप्प बसण्यात असतं. विचारलं तर हसतील म्हणून विचारलं नाही, वेळ नव्हता म्हणून अंदाजाने लिहिलं, ओरडा बसेल म्हणून सांगितलं नाही. हात काही महिन्यांत बसतो, व्हेनही सापडायला लागते. पण पहिल्या तीन महिन्यांत लपवायची सवय लागली तर ती पुढे सहज सुटत नाही.

सगळ्यांचा श्वास २० कसा?

टीपीआर चार्ट, म्हणजे टेंपरेचर, पल्स आणि मिनिटाला किती श्वास याची नोंद, उघडून पाहा. टेंपरेचर वेगवेगळं असतं, पल्स वेगवेगळी असते, पण श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. हा आकडा मोजलेला नसतो, आधीच्या शिफ्टचा बघून उतरवलेला असतो. सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी चूक हीच.

पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी श्वास वाढतो. न्यूमोनियात, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनतो तेव्हा), फुप्फुसात पाणी साचत असताना बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास २० वरून २६-२८ वर जातो. तुम्ही तिथे २० लिहिलं की राऊंडला डॉक्टर चार्ट बघून पुढे जातात. पेशंटला मिळालेले ते काही तास त्या एका आकड्यात वाया जातात.

मोजायची रीत साधी आहे. पल्स मोजून झाली तरी मनगट सोडू नका. नजर छातीकडे वळवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. “आता तुमचा श्वास मोजते” असं म्हणू नका, कारण सांगितलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. मिनिटभर खरंच वेळ नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि नंतर येऊन मोजा. रिकामा रकाना निदान खोटं सांगत नाही.

युरिनचंही तसंच. मोठ्या माणसाला दर किलोमागे ताशी निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ताशी ३० मिली. रात्री दहाला युरोबॅग रिकामी केली आणि सकाळी सहाला त्यात १०० मिलीच असेल, तर “कमी झाली” एवढं लिहून थांबू नका. आधी नळी बघा: मांडीखाली दबलीय का, मुरगळलीय का, बॅग पलंगाच्या कठड्यावर उंच टांगलीय का. पोटाखाली हात लावून ब्लॅडर भरल्यासारखं लागतंय का ते पाहा. हे सगळं ठीक असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. खरं तर हे सकाळी सहाला कळणंच उशिराचं आहे, दोन-तीन तासांनी बॅगवर नजर हवीच.

ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या बाबतीत “बीपी तर ११० आहे” या वाक्यावर विसंबू नका. आत रक्तस्राव होत असेल तर तरुण पेशंटचं बीपी बराच वेळ टिकून राहतं. पल्स मात्र ८८, मग १०४, मग १२० अशी चढत जाते. एकेका आकड्याने घाबरायचं कारण नसतं, पण तिन्ही आकडे एका ओळीत वाचले तर चित्र स्पष्ट दिसतं. ड्रेसिंग वरून कोरडं असलं तरी पाठीखाली हात घालून बघा, रक्त उताराकडे जातं.

“तुम्ही पाटील ना?”

असं कधीच विचारू नका. गुंगीतला माणूस, कमी ऐकू येणारी आजी, घाबरलेला गावाकडचा पेशंट, सगळे मान डोलावतात. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारा, मग केसपेपरवरचं नाव आणि आयपीडी (ॲडमिशनचा) नंबर ताडून बघा. खाटेचा नंबर म्हणजे ओळख नव्हे. दुपारी पंख्याखाली झोपायला मिळावं म्हणून पेशंट आपापसात खाट बदलतात, हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकाच आडनावाचे दोन पेशंट असतील तर ओव्हर देतानाच (पुढच्या शिफ्टकडे वॉर्ड सोपवताना) ते मोठ्याने सांगा आणि दोघांच्याही फाईलवर ठळक खूण करा.

औषधं: इथे घाई नको

सगळ्यात आधी इन्सुलिन. आपल्याकडे यू-४० आणि यू-१०० अशी दोन्ही ताकदीची इन्सुलिनं वापरात आहेत. यू-४० मध्ये एका मिलीत ४० युनिट, यू-१०० मध्ये १००. सिरिंजही वेगळ्या: यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची नारिंगी. यू-१०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला १० नव्हे, २५ युनिट जातात. उलट केलं, म्हणजे यू-४० चं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर १० च्या जागी ४ युनिटच जातात आणि शुगर का उतरत नाही याचं कोडं सगळ्यांना पडतं. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचा. इन्सुलिन सिरिंज संपल्या म्हणून साध्या २ मिलीच्या सिरिंजने अंदाजे देणं कोणीही सांगितलं तरी करायचं नाही.

पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखीच असते. आपल्याकडच्या नेहमीच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते तसंच शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून, हळूहळू, ठरलेल्या दरानेच द्यायचं. मिसळल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटसुलट करा, नाहीतर औषध तळाशी तोंडाजवळच साठून राहतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम जातं. बाटलीवर औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि स्वतःची सही लिहा. तुमच्या वॉर्डात ही अँप्यूल इतर अँप्यूलच्या ट्रेमध्येच ठेवत असतील तर इनचार्ज सिस्टरना वेगळा डबा मागा. हे सुचवायला तुम्ही नवीन नाही आहात.

आणखी दोन गोष्टी पाठच करा. सेफट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक रिंगर लॅक्टेट सलाईनच्या लाईनमधून देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमबरोबर खडे बनतात. फिट्सवरचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये फाटतं, ते नॉर्मल सलाईनमध्येच आणि मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने कधीच नाही.

थेंबांचा हिशेब कागदावर मांडा. सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. २० थेंबांचा सेट असेल आणि ५०० मिली सहा तासांत द्यायचं असेल, तर ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. तेच २८ थेंब मिलीला ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर ठेवले तर ती बाटली अठरा तास चालेल. लहान मुलांच्या वॉर्डातून मोठ्यांच्या वॉर्डात बदली झालेल्या नवीन स्टाफचा गोंधळ नेमका इथेच होतो.

एक खूण कायम लक्षात असू द्या: एका डोससाठी तीन-चार व्हायल फोडायची वेळ आली तर हात थांबवा. कुठेतरी दशांश चुकलेला असण्याची शक्यता जास्त आहे. ऑर्डर परत वाचा आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

रक्त चढवताना बॅग नंबर, ग्रुप आणि पेशंटचं नाव दोघांनी मिळून तपासा आणि पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळच थांबा. थंडी, पाठदुखी, धाप, अंगावर पित्त असं काहीही दिसलं तर आधी रक्त बंद करा, सेट बदलून सलाईन चालू ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. बॅग फेकू नका, ती ब्लड बँकेत परत पाठवायची असते.

रात्री तीनला फोन करायचा की नाही?

करायचा. फक्त कसा करायचा ते शिकून घ्या. “सर, सात नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये” असं सांगितलं तर उत्तर येणार, “बघा थोडा वेळ.” त्याऐवजी केसपेपर हातात घेऊन बोला: “सर, मेल सर्जिकलमधून स्टाफ बोलतेय. सात नंबर, काल ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालेले, वय ३२. बाराला पल्स ९० होती, आता १२४ आहे. बीपी १००/६०, श्वास २८, पोट कडक लागतंय, मध्यरात्रीपासून युरिन ४० मिली. मला ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.” शेवटचं वाक्य गाळू नका. ते म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, वेळ टाका आणि डॉक्टर आले की सही घ्या. डॉक्टर चिडले तर ऐकून घ्या, पण पेशंट तसाच असेल तर परत फोन करा, मग त्यांच्या वरच्या डॉक्टरांना करा. केलेल्या प्रत्येक फोनची वेळ नर्सेस नोट्समध्ये लिहा.

सुई टोचली

वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवताना टोचण्याचे प्रकार फार होतात. टोपण बसवूच नका. नीडल कटर खाटेजवळ न्या आणि सुई लगेच पांढऱ्या डब्यात टाका. तरीही टोचलीच तर जखम पिळू नका, स्पिरिट ओतू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि तेव्हाच्या तेव्हा सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. “उद्या इनचार्ज सिस्टर आल्या की सांगेन” यात हे तास निघून जातात. जी मुलगी चार महिने मनात धरून कुढत राहते, तिच्यासाठी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण हे औषध तिच्याच हॉस्पिटलात किंवा जवळच्या सरकारी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर) मिळालं असतं.

हेपॅटायटिस बी चे तीन डोस (शून्य, एक आणि सहा महिने) रुजू होण्याआधीच सुरू करा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, १० च्या वर हवी.

नातेवाईक, सुरक्षितता आणि स्वतःचं अंग

वाईट बातमी सांगणं तुमचं काम नाही, डॉक्टरांना बोलवा. जमाव चढला तर एकटीने वाद घालू नका, दाराच्या बाजूला राहा आणि सिक्युरिटीला बोलवा. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरची हिंसा अजामीनपात्र गुन्हा आहे, त्यात नर्सही येतात. १९७३ साली मुंबईच्या केईएममध्ये नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हॉस्पिटलच्या आवारातच हल्ला झाला आणि पुढची बेचाळीस वर्षं त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. म्हणून सांगते, कपडे बदलायला निर्मनुष्य खोली दिली असेल तर लेखी तक्रार करा. कोणी लैंगिक त्रास देत असेल तर अंतर्गत समितीकडे जा, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ती कायद्याने असलीच पाहिजे.

ड्युटीत पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. मूळ मार्कलिस्ट आणि नोंदणी प्रमाणपत्र कुठेही जमा करू नका, साक्षांकित प्रती द्या.

चूक झालीच तर

आधी पेशंटकडे जा. पल्स, बीपी, श्वास, गरज असेल तर शुगर बघा. मग डॉक्टरांना सांगा, मग सीनियरना. केसपेपरवर व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारा, शेजारी सही आणि वेळ टाका, आणि खाली प्रत्यक्षात काय दिलं ते लिहा. इन्सिडेंट फॉर्ममध्ये काय घडलं तेवढंच लिहा, कोणाची बाजू मांडू नका.

हे वाचणाऱ्यांत इनचार्ज सिस्टरही असतील, त्यांना एक विनंती. चूक सांगायला आलेल्या मुलीला पेशंट आणि मावशींसमोर फाडून खाल्लंत, तर पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि तिच्याबरोबरच्या चौघीही येणार नाहीत. पेशंट स्थिर झाला की तिला बाजूला घ्या, नेमकं कुठे हात चुकला ते तिच्याच तोंडून ऐका, आणि त्याच शिफ्टमध्ये पुढचा डोस तुमच्यासमोर तिलाच भरायला लावा.