चोडणला शूट आहे? आधी गावाचं वेळापत्रक लिहा

शूटच्या आवाजासाठी माइक कुठला भाड्याने आणायचा, हे रेकी (शूटआधीची जागेची पाहणी) झाल्यावर ठरवू. आधी लोकेशनवर जा, आणि सीन ज्या वेळेचा आहे त्याच वेळेला जा. रविवारी दुपारी पसंत केलेलं, गोव्यातल्या चोडण बेटावरचं घर सोमवारी सकाळी सातला तेच राहत नाही. अंगणात खुर्ची टाका, हेडफोन लावा, रेकॉर्डर चालू करा, आणि जे जे ऐकू येईल ते वेळेसकट वहीत टिपा. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा पों-पों, मागोमाग मासळीवाल्याची स्कूटर, देवळातली घंटा, शेजारचा मिक्सर, नळाला पाणी आलं की घरघरणारा पंप. गोव्याची एक गोष्ट बरी आहे: इथले बरेचसे आवाज वेळेवर येतात. ती वेळ कळली की शॉटचा क्रम त्याभोवती लावता येतो. सहाय्यक दिग्दर्शकाच्या शेड्यूलमध्ये सीन नंबराशेजारी ही नोंद गेलीच पाहिजे. वहीत राहिली तर तिचा उपयोग शून्य.

फेरीबोटीचं उदाहरण घ्या. रायबंदरहून येणारी बोट धक्क्याला लागते तेव्हा लोखंडी फाळका सिमेंटवर खणकन आपटतो, त्यावरून स्कूटरी खडखडत उतरतात, आणि डिझेल इंजिन सगळा वेळ धडधडतच असतं. बोटीवर संवाद लिहिलेत तर डबिंग गृहीत धरा. त्यापेक्षा बोटीवर लांबचे शॉट घ्या आणि बोलणं धक्क्यावर, बोट पलीकडे गेलेली असताना. ‘डबिंगमध्ये बघू’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला शांतपणे विचारा, गावातल्या ज्या आजींना आपण पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभं करतोय, त्या स्टुडिओत ओठ जुळवणार आहेत का?

किनाऱ्यावरचा सीन असेल, मोरजी म्हणा, केरी म्हणा, तर तो सकाळी लवकर उरका. तेव्हा वारा जमिनीकडून आणि मंद असतो. दिवस तापला की समुद्रावरून सुटतो आणि माइकवर भर्रर करत बसतो. माइकवर केसाळ विंडशील्ड, म्हणजे डेड कॅट, हवीच. नुसत्या स्पंजवर किनाऱ्याला भागत नाही. फ्रेममध्ये मागे समुद्र हवा असेल तर बूम (माइक लावलेली लांब काठी) समोरून धरू नका, माइकचं तोंड थेट लाटांकडे जातं. नटाच्या डोक्यावरून खाली वाळूकडे रोखा.

आता बॅग. एक शॉटगन (समोरचाच आवाज नेमका पकडणारा लांबट माइक), बूम, शॉकमाउंट (हाताचे धक्के माइकपर्यंत पोचू न देणारी पकड), दोन लॅपल (कपड्यावर लावायचे छोटे माइक), फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला लागणारी वीज) देणारा रेकॉर्डर, माइकच्या एक्सएलआर केबल गरजेपेक्षा एक जास्त, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, बॅटऱ्या दुप्पट, गॅफर टेप, औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी. आणि सिलिका जेलच्या पुड्या, त्या इथे विसरू नका. दमट हवेत काही कंडेन्सर माइक तडतडायला लागतात. सेनहायझरचा एमकेएच ४१६ वेगळ्या, आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी पद्धतीवर चालत असल्याने दमटपणाला बराच पुरून उरतो. भाडं परवडलं तर तो घ्या. नाही परवडला तरी अडत नाही. साधा माइक तोंडाजवळ असेल तर महागड्या लांबच्या माइकला भारी पडतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट. फ्रेमची कड जिथे संपते तिथे माइकचं टोक, हा सरळ हिशेब.

रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संवादाची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, सीनमध्ये भांडण असेल तर आणखी खाली. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर मिळाला तर ओरडण्याने आवाज फाटायची भीती बरीच जाते, पण फ्रिजची घुरघुर तो काढून देत नाही.

तर फ्रिज. टेकच्या आधी बंद करायचा, आणि ज्याची स्कूटर आहे त्याची चावी आत ठेवायची. चावीशिवाय तो घरी जाणार नाही, म्हणजे फ्रिज परत चालू करायचं राहणार नाही, आणि यजमानांची मासळी वाचेल. पंखे, पंप, भिंतीवरचं घड्याळ हेही बंद. इन्व्हर्टर कुठल्या खोलीत आहे ते पाहून ठेवा. वीज गेली की तो गुणगुणायला लागतो, आणि पावसाळ्यात वीज जाणारच. जून ते सप्टेंबर कौलारू घरात संवाद ठेवायचेच असतील तर सर आली की थांबायची तयारी ठेवा. जुन्या घरातल्या मोठ्या साल्यात (दिवाणखान्यात), गुळगुळीत लादीवर, आवाज घुमतो. फ्रेमबाहेर गोधड्या, चटया अंथरा, दोन जाड चादरी दोरीवर टांगा.

लॅपल लावण्याआधी कपडे हातात घेऊन चोळून ऐका. सुती लुगडं गप्प असतं, सिंथेटिक साडी प्रत्येक श्वासाला खसखसते. वेशभूषेवाल्या मुलीशी हे आठवडाभर आधी बोला, शूटच्या सकाळी नाही. काचेच्या बांगड्या वाइड शॉटमध्ये राहू द्यात. क्लोजअपमध्ये हात दिसत नसतील तर काढायला सांगा. माइक लावताना आधी विचारा, आणि शक्यतो ज्याचं त्यालाच लावू द्या.

सेटवर सगळ्यांचे मोबाइल एअरप्लेन मोडवर, सायलेंट पुरेसा नाही. आधी साउंड रोल, मग कॅमेरा, मग सीन-टेक बोलून क्लॅप. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजही चालू ठेवा, सिंकला (आवाज आणि चित्र जुळवायला) तो लागतो. प्रत्येक जागेवर एक मिनिट रूम टोन (कुणी न बोलता त्या जागेचा नुसता आवाज), सगळे जागच्या जागी उभे, कुणीही लाइट आवरायला घ्यायचा नाही. संध्याकाळी रातकिडे सुरू झाले की त्यांचा सूर टेकागणिक बदलतो आणि एडिटमध्ये प्रत्येक कटवर कळतो, म्हणून तिथे दोन मिनिटं घ्या. आदोळीवर (विळीवर) खोबरं खवणं, कडीचा खटका, पोदेराचा तो हॉर्न, हे वेगळे जवळून रेकॉर्ड करा. सकाळी ज्याने शॉट थांबवला होता तोच हॉर्न कुठल्यातरी सीनखाली चपखल बसतो.

परवानग्या हे प्रॉडक्शनचं काम. पण पंचायतीत जाणाऱ्याला एक काम सोपवा: त्या दिवशी वाड्यावर लग्न, उत्सव, शिगम्याची तालीम काही आहे का, हे विचारून ये. ढोल-ताशापुढे कुठलाही माइक चालत नाही.

दोन ट्रॅकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण एक जीबी होतं, त्यामुळे कार्ड भरेल ही चिंता नको. हरवेल ही करा. त्याच रात्री दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, फाइलच्या नावात सीन आणि टेक, सोबत कागदावर कुठल्या टेकमध्ये काय बिघडलं ते. फाइली उघडून ऐकल्या, असा एडिटरचा फोन येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.