जुना कंदील पुन्हा पेटता करताना

माझा पहिला जुना पितळी कंदील घेऊन मी इंदूरच्या कसेरा बाजारातल्या एका कारागिराकडे गेलो, तेव्हा त्याने तो हातात फिरवून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : "भिया, चमकाना है कि जलाना है?" मी उत्साहाच्या भरात "चमकाना" म्हटले. संध्याकाळी कंदील आरशासारखा लखलखत परत आला. मात्र टाकीच्या खांद्यावरची निर्मात्याच्या नावाची उठावदार अक्षरे पॉलिशच्या चाकाखाली जवळजवळ पुसली गेली होती, आणि घरी पेटवल्यावर दहा मिनिटांत काच काळीठिक्कर पडली. चूक कारागिराची नव्हती, कारण मागितले तेच त्याने दिले होते. तेव्हापासून मी कोणताही कंदील दुरुस्त करायला घेतला की आधी तो नीट जळेल असा करतो, आणि चकाकीचा विचार सर्वांत शेवटी, बहुतेक वेळा करतही नाही. या छंदात दुरुस्ती साधली की नाही हे ज्योतीवरून ठरते, असे माझे मत आहे आणि पुढचे सर्व विवेचन त्याच अंगाने केले आहे.

कंदील मिळवण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. इंदुरात भंगाराला ‘अटाला’ म्हणतात, आणि अटाल्याच्या दुकानात कंदील बहुधा मागच्या बाजूला, सायकलींच्या सांगाड्यांखाली चेपलेला सापडतो. जुन्या इंदुरातले वाडे पाडले जातात तेव्हा माळ्यावरच्या सामानात दोनतीन तरी निघतात. नातेवाइकांकडे आधी चौकशी करावी, कारण घरातून आलेला कंदील कोणत्या खोलीत टांगलेला असे, एवढे तरी सांगणारे कोणीतरी असते.

नावे वाचायची सवय लावून घ्यावी. टाकी, वरची टोपी, वात फिरवण्याची चावी आणि काच या चार ठिकाणी निर्मात्याचे नाव किंवा चिन्ह असते. मराठी माणसाला सर्वांत जवळचे नाव म्हणजे ‘प्रभाकर’. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा हा कंदील असून, देशी मालाच्या अभिमानाने तो असंख्य मराठी घरांत गेला. परदेशी कंदिलांत अमेरिकेच्या डिट्झचे आणि जर्मनीच्या फॉयरहँडचे नाव मोठे आहे. डिट्झने १९५६ पासून उत्पादन हळूहळू हाँगकाँगला नेले, त्यामुळे ज्यावर हाँगकाँगचा उल्लेख आहे तो कंदील ‘आजोबांच्या आजोबांचा’ म्हणून कोणी विकत असल्यास हसून पुढे जावे. तसेच ‘वेस्ट जर्मनी’ असे लिहिलेला कंदील १९४९ च्या आधीचा असूच शकत नाही. इंदूर-महू पट्ट्यात रेल्वेचे हातदिवेही दिसतात. इथली मीटरगेज लाइन १९५१ साली पश्चिम रेल्वे स्थापन होईपर्यंत बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेकडे होती, म्हणून ती अक्षरे त्यांवर सापडतात. असा दिवा पावतीशिवाय घेऊ नये, कारण रेल्वेची मालमत्ता म्हणून उद्या प्रश्न उपस्थित होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि तशी वस्तू परदेशी राहणाऱ्या मुलाकडे पाठवता येत नाही, हेही आधीच लक्षात असू द्यावे.

खरेदी करताना खिशात लहानसा लोहचुंबक ठेवावा. ‘शुद्ध पितळ’ म्हणून सांगितलेल्या कंदिलाला तो चिकटला, तर आत पत्रा आणि वर नुसता मुलामा आहे. त्यानंतर टाकीचा तळ अंगठ्याने दाबून पाहावा; पत्रा कुरकुरला किंवा आत गेला तर तो गंजून कागदासारखा झाला आहे असे समजावे. फुटकी काच, नसलेली वात, वाकलेली कडी यांची चिंता करू नये, कारण या गोष्टी नव्याने मिळतात किंवा करून घेता येतात. बाजूच्या नळ्या मात्र चेपलेल्या नसाव्यात.

या नळ्यांचे काम समजल्याशिवाय दुरुस्ती करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. १८६८ च्या सुमारास जॉन अर्विन या अमेरिकी संशोधकाने नळ्यांचा कंदील तयार केला. त्यात ज्योतीवरून वर गेलेली गरम हवा थोड्या ताज्या हवेसह बाजूच्या नळ्यांतून पुन्हा खाली बर्नरकडे, म्हणजे वात धरणाऱ्या भागाकडे, येते. काही वर्षांनी त्यानेच दुसरी रचना काढली. तिच्यात जळून गेलेला वायू मधल्या धुराड्यातून सरळ बाहेर पडतो आणि धुराड्याभोवतीच्या पेटीतून फक्त ताजी हवा नळ्यांत ओढली जाते. ताज्या हवेत प्राणवायू भरपूर असल्यामुळे दुसऱ्या प्रकारची ज्योत अधिक पांढरी आणि मोठी असते. आपल्याकडे घरोघरी असलेले कंदील बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे आहेत. नळ्या जिथे वर मिळतात तिथे फुगीर डब्यासारखा भाग असेल तर तो हाच प्रकार समजावा. वाऱ्यात कंदील विझत नाही त्याचे कारणही हेच, की ज्योतीला लागणारी हवा या वळणदार वाटेने शांतपणे येते. वाट अडली की कंदील काजळी धरतो.

माझा एक कंदील असाच काजळी धरत असे. मी तीनदा वात बदलली, रॉकेल बदलले, बर्नर सोड्यात उकळला, तरी काच काळी होतच राहिली. शेवटी डाव्या नळीत सायकलच्या ब्रेकची तार घातली, तर ती वळणावर अडली आणि बाहेर काढल्यावर टोकाला कोरडी पिवळी माती लागलेली दिसली. कुंभारीण माशीने नळीत घर केले होते. नळी रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवल्यावर सकाळी मातीचे ढेकूळ आणि वाळलेल्या कोळ्यांचे तुकडे बाहेर पडले, आणि त्या संध्याकाळी त्याच वातीने कंदील पांढरा स्वच्छ जळला. त्यामुळे कोणत्याही जुन्या कंदिलाचे पहिले काम माझ्या लेखी नळ्या मोकळ्या करण्याचे असते. बर्नर काढून वरच्या पेटीत पाणी ओतावे आणि दोन्ही नळ्यांतून खाली सारखीच धार येते का, ते पाहावे.

नळ्यांनंतर टाकी. आतला जुना चिकट गाळ काढण्यासाठी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ठेवावे, मूठभर स्वच्छ बारीक खडी टाकून टाकी हळूहळू हलवावी, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. टाकी उन्हात पूर्ण वाळल्यावर तिच्यात अर्ध्यापर्यंत रॉकेल भरून, मोकळ्या हवेच्या पण आग आणि मुले यांपासून दूर असलेल्या जागी ती वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवावी. सकाळी कागदावर तेलकट गोल डाग दिसला तर गळती आहे, आणि डागाच्या जागेवरून ती कुठे आहे हेही कळते. बारीक छिद्र असेल तर बाहेरून पत्रा घासून एम-सील लावणे पुरते. सांधाच सुटला असेल तर कथलाचा डाख लावून घ्यावा लागतो, आणि इथे जिवाशी गाठ आहे : ज्या टाकीत कधीही रॉकेल होते तिला धुतल्याशिवाय ज्वाळा किंवा डाख लावायची तापलेली काबी लावू नये, कारण आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. कारागिराकडे देण्याआधी टाकी सोड्याच्या गरम पाण्याने दोनतीनदा धुवावी आणि डाख लावायच्या जागेच्या खालपर्यंत पाणी भरूनच ती त्याच्या हाती द्यावी. कारागीर म्हणेल की याची गरज नाही. तरीही भरावे.

वरचा गंज काढण्याच्या बाबतीत मी कंजूष आहे. हलक्या गंजाला रॉकेलात बुडवलेले अगदी बारीक, चार शून्य नंबरचे स्टील वूल आणि संयम एवढे पुरेसे असते. लिंबूफुलाचे (सायट्रिक ॲसिडचे) पाणी गंज खाते हे खरे, पण पत्र्यावरचा जस्ताचा किंवा कथलाचा थरही खाते, आणि तो गेल्यावर पहिल्या पावसाळ्यातच कंदील पुन्हा लाल होतो. सगळाच कंदील गंजलेला असेल तर विजेच्या साहाय्याने गंज काढता येतो. प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा, गाडीच्या बॅटरीच्या १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार कंदिलाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडावी, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम गच्चीवर किंवा अंगणात करावे, आणि बादलीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. मूळ रंग शाबूत असलेल्या कंदिलाला ही पद्धत लावू नये, कारण तिच्यात रंगही सुटतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने सुका रंग घासून धूळ उडवू नये. घासायचाच असेल तर ओला घासावा.

बर्नर पितळेचा असल्यास सोड्याच्या पाण्यात वीस मिनिटे उकळावा. चिकट काळा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि ज्या बारीक छिद्रांतून हवा येते ती उघडतात. राहिलेली छिद्रे सुईने मोकळी करावीत, मोठी मात्र करू नयेत. वातीची चावी फिरवल्यावर दातेरी चाके वातीला पकडतात का, हे वात घालण्यापूर्वीच पाहावे. पितळ उजळायचे असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ यांसारखे दुसरे काही नाही. पाच-दहा मिनिटे चोळून लगेच धुवावे. मी एकदा बर्नर चिंचेच्या पाण्यात रात्रभर विसरलो आणि सकाळी तो पितळेऐवजी तांब्यासारखा गुलाबी झालेला मिळाला. आंबट पाणी पितळेतले जस्त ओढून घेते आणि वर तांबे उरते. तो गुलाबी बर्नर आजही माझ्याकडे जळतो आहे, पण पाहुण्यांसमोर मी तो कंदील काढत नाही.

काचेच्या बाबतीत आपल्या आजीच्या काळातली राख आणि रद्दी कागद ही जोडी अजूनही उत्तम आहे. राख चाळून घ्यावी. रांगोळी वापरू नये, ती चरे पाडते. नवी काच वापरण्यापूर्वी पाण्यात उकळून त्याच पाण्यात थंड होऊ देण्याची रीत अनेक घरांत होती. साध्या काचेतला ताण जायला पाचशे अंशांहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे शंभर अंशांच्या पाण्याने तो जात नाही. पण आईने शिकवलेले म्हणून मी अजून उकळतो. महत्त्वाचे हे की काच खालच्या बैठकीत सरळ आणि घट्ट बसली पाहिजे. ती तिरपी बसली की फटीतून हवा शिरते आणि ज्योत नाचू लागते.

वात सुती, चपटी आणि बर्नरच्या खाचेत सहज सरकणारी घ्यावी. खाचेची रुंदी मोजून इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानात न्यावी, कारण अंदाजाने घेतलेली वात एक तर अडकते किंवा सैल राहते. वात उन्हात वाळवून घालावी, कारण ओलसर सुतात रॉकेल नीट चढत नाही. टोक कात्रीने सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित छाटावेत, नाहीतर ज्योतीला शिंगे फुटतात आणि तीच शिंगे काचेवर काजळी धरतात. टाकी काठोकाठ भरू नये.

इंधन म्हणून फक्त रॉकेल. पेट्रोल किंवा त्याची भेसळ असलेले काहीही टाकीत घातले तर कंदील बॉम्ब होतो. रेशनचे निळे रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि मिळाले तरी ते ज्यांच्या नावाने येते त्यांच्यासाठी आहे. मोकळ्या बाजारातले पांढरे रॉकेल घ्यावे. शोभेच्या दिव्यांसाठी विकले जाणारे दाट पॅराफिन तेल या चपट्या वातीतून पुरेसे वर चढत नाही आणि वातच जळू लागते.

रॉकेल भरल्यावर अर्धा तास थांबावे, म्हणजे वात टोकापर्यंत भिजते. पेटवताना वात अगदी खाली ठेवावी, काच बसवावी आणि पाच-सात मिनिटे तशीच जळू द्यावी. नळ्या तापून हवा खेळू लागली की ज्योत आपोआप रुंदावते, आणि त्यानंतरच वात थोडीथोडी वर करावी. नीट झालेल्या कंदिलाची ज्योत पंख्यासारखी पसरलेली, वरच्या कडेला सपाट आणि न हलणारी असते. एका बाजूला टोक आले तर वात कापावी. सगळी ज्योत लालसर आणि धुरकट असेल तर पुन्हा नळ्या आणि बर्नरची छिद्रे पाहावीत. ती नाचत असेल तर काच तपासावी. पहिल्या वेळी खिडकी उघडी ठेवून, जवळ वाळूची बादली घेऊन तासभर समोर बसावे. झोपण्याच्या बंद खोलीत कंदील जळता ठेवू नये.

कपाटात ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, वात काढून कागदात गुंडाळावी, आणि नळ्यांच्या वरच्या तोंडांवर पातळ कापडाचा तुकडा बांधावा, म्हणजे पावसाळ्यात कुंभारीण माशीला आत जायला वाट राहत नाही.